एलिजोचा हात

मोंताल्फेओ, सोमवार, ४ सप्टेंबर २०२३

चि. तुल्लियो यास,

तुझ्या नामांकित बियरच्या पंचविशीनिमित्त जी पुस्तिका छापली जाणार आहे, तिचा कच्चा मसुदा शनिवारी टपालाने पोहोचला. सोबत पत्र नव्हते. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने 'चुका काढा' एवढेच लिहिलेले होते. अक्षर ओळखण्यास मला चष्मा लागला नाही. सहा वर्षांत तू मला लिहिलेले हे पहिलेच दोन शब्द. त्यांत 'कृपया' नाही. ती चूक मी धरत नाही.

नवव्या पानावर तू लिहितोस: 'रविवार, १८ ऑक्टोबर १९९८. द्राक्षतोडणीचे दिवस. आमचा एलिजोमामा दुपारच्या जेवणात नेहमीपेक्षा दोन ग्लास जास्त घेऊन तळघरात उतरला आणि वाइनचे पिंप समजून त्याने माझ्या बियरच्या तीनशे लिटरच्या पिंपात मोस्कातोचा ताजा रस ओतला. मी डोक्याला हात लावला, मामा पोट धरून हसला, आणि इटलीच्या जेवणाच्या टेबलावर एक नवी बियर अवतरली.'

तो रविवार नव्हता. शनिवार होता, सतरा तारीख. या घराच्या तळघरात पिंपे भरण्याचा वार शनिवार आहे, हे या घरात जन्मलेल्या माणसाने तरी विसरू नये. पिंप तीनशेचे नव्हते, पाचशेचे होते. तुझ्या आजोबांनी ते ओकच्या लाकडाचे करवून घेतले होते. रस मोस्कातोचा नव्हता. मोस्कातोची द्राक्षे महिनाभर आधीच तोडून झालेली असतात, शिवाय ती पांढरी. त्यांच्या रसाने बियर जांभळी कशी होईल? तो बार्बेराच्या काळ्या द्राक्षांचा होता, नुकताच सालींवरून काढलेला, अर्धा रस आणि अर्धी वाइन, आतून अजून खदखदणारा.

एलिजो हसला नाही. मी तेथे उभा होतो.

आणि एलिजो त्या दिवशी प्यालेला नव्हता. एक थेंबही नाही.

आता तुझ्या भिंतीविषयी. खाली दरीत बांधलेल्या तुझ्या नव्या भट्टीच्या दर्शनी भिंतीवर (तू 'ब्रुअरी' म्हणतोस, मी म्हणणार नाही) त्याचे दोन मजली चित्र रंगवले जात असल्याचे टपालवाल्याकडून कळले. लाल नाक, वाकडी टोपी, झुलणारे पाय, हातात डबा. म्हणजे तुझ्या लेबलावरचाच तो दारुडा, फक्त घराएवढा. अनावरण १४ ऑक्टोबरला आहे म्हणे. ते थांबव. माझ्या पत्नीचा धाकटा भाऊ, तुझा सख्खा मामा, गावाच्या वेशीवर झिंगलेला दाखवण्याचा अधिकार तुला कोणी दिलेला नाही.

उरलेल्या मजकुराबद्दल मला आज काही म्हणावयाचे नाही.

अमेदेओ रोज्जेरो


मोंताल्फेओ, बुधवार, १३ सप्टेंबर २०२३

चि. तुल्लियो यास,

मी दुरुस्त केलेले पान तू परत पाठवलेस. खाली तुझ्या हातचे: 'वार, माप, द्राक्षे बदलली. बाकी गोष्ट तशीच राहील. लोक बियर पितात ती गोष्टीसकट. प्यालेला नव्हता म्हणता, मग शुद्धीवर असलेल्या माणसाने बियरच्या पिंपात वाइन का ओतली?'

प्रश्न योग्य आहे. उत्तरासाठी थोडे मागून यावे लागेल.

१९६५ साली मी या घरात जावई म्हणून आलो, तेव्हा शाळेत लॅटिन शिकवणारा मी या मळ्याच्या दृष्टीने निरुपयोगी मनुष्य होतो. माझ्या सासऱ्यांनी माझे तळवे उलटेसुलटे करून पाहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हे हात खडूचे. यांना कात्री देऊ नका, वेलीचा जीव जाईल." पुढे बऱ्याच विचाराअंती त्यांनी मला एक काम दिले. एकच. लाकडाच्या पिंपातील वाइन आठवडाभरात थोडी आटते, वर पोकळी होते, पोकळीत हवा शिरते आणि वाइनचे व्हिनेगर होते. म्हणून दर शनिवारी प्रत्येक पिंपावर बोटाच्या पेराने ठोकून पाहायचे, आवाज पोकळ आला की बूच काढायचे आणि पिंप तोंडोतोंड भरायचे. त्यासाठी लांब चोचीचा, कल्हई केलेला, बारा लिटरचा तांब्याचा डबा जिन्याजवळच्या खिळ्याला टांगलेला असे. तो परत टांगताना मी चोच भिंतीकडे करीत असे. घरातील इतर सर्व जण उलट टांगत. एलिजो त्यावरून मला फार छळी: "दाजींचा डबा रुसलाय बघा, तोंड फिरवून बसलाय!"

तेहतीस वर्षे मी एकही शनिवार चुकवला नाही. पाऊणशे विद्यार्थ्यांच्या वह्या तपासायच्या असतानाही नाही.

१९९७ मध्ये तू बेल्जियमहून परतलास आणि रिकाम्या गोठ्यात दूध तापवण्याची जुनी कढई मांडून बियर उकळू लागलास. द्राक्षांच्या प्रदेशात, द्राक्षांच्या घरात! मी काही बोललो नाही. बोललो ते फेब्रुवारीत, त्या जेवणाच्या वेळी. पुस्तिकेत ते जेवण नाही, म्हणून येथे नोंदवतो. तुझ्या आईने बान्या काउदा केले होते. मधोमध विस्तवावर लसूण आणि खारवलेल्या माशांचे ते तेल उकळत होते, भोवती कोबी, कांदे, मिरच्या. आणि तू शँपेनसारखी जाड, बुचाची बाटली आणून ठेवलीस. सोबत उंच देठाचे ग्लास.

"हे काय?"

"बियर, बाबा. घरची."

"बियर परदेशी लोक पितात. सॉसेजबरोबर, उभ्या उभ्या."

"ही जेवणाबरोबर प्यायची आहे. बसून. लसणाचं तेल ही अशी धुऊन काढते की पुढचा घास पहिल्यासारखा लागतो. एक घोट घ्या, मग बोला."

"घ्या की दाजी!" एलिजो म्हणाला. "लॅटिनमध्ये नाव नाही म्हणून तहान भागत नाही का?"

"लॅटिनमध्ये नाव आहे," मी म्हणालो.

"मग झालं तर! रोमन लोकांना चालली, तुम्हाला काय होतंय?"

सगळे हसले. तुझी आई सर्वांत जास्त हसली. एलिजोने स्वतः मात्र ग्लास पालथा घातला होता. तू त्याला आग्रह केलास तेव्हा त्याने पोटावर हात ठेवून मान हलवली. हे तू पाहिले होतेस. नवव्या पानावर आठवले नाही.

मी घोट घेतला नाही. पुढच्या आठवड्यात प्रांताच्या साप्ताहिकात मी 'द्राक्षांच्या गावात सातूचे पाणी' हा लेख लिहिला. खाली फक्त आद्याक्षरे होती, परंतु इतकी शुद्ध वाक्ये गावात दुसरे कोण लिहिणार? चौकातल्या बारमध्ये लेख मोठ्याने वाचला गेला. तुझ्या बाटल्या ठेवण्याचे कबूल केलेल्या बारवाल्याने त्या दुसऱ्या दिवशी दारात आणून ठेवल्या. त्या दिवसापासून तू माझ्याशी आईमार्फत बोलू लागलास. "आई, त्यांना सांग, मीठ इकडे द्या." मी मीठ देत असे. तेही तिच्यामार्फत.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर अद्याप पूर्ण झालेले नाही. परंतु दिवा लावण्याची वेळ झाली आहे आणि माझे डोळे पूर्वीसारखे राहिलेले नाहीत.

अमेदेओ रोज्जेरो


मोंताल्फेओ, रविवार, २४ सप्टेंबर २०२३

चि. तुल्लियो यास,

काल इर्मा आली होती. तुझी मामेबहीण, एलिजोची मुलगी, अलेस्सांद्रियाला आईजवळ वाढलेली. तिने गावातली बेकरी घेतल्याला आता दहा वर्षे झाली. रोज सकाळी मी तिच्याकडून पाव घेतो, आणि पाव व सुटे पैसे यांपलीकडे आम्ही दहा वर्षांत काही देवघेव केलेली नाही. काल ती घरी आली. हात पिठाचे, बगलेत पिशवी.

"आतोबा, एक काम होतं. तुल्लियोला पत्र लिहिलंय, भिंतीबद्दल. माझं शिक्षण तुम्हाला ठाऊक आहे. चुका राहिल्या तर तो म्हणेल, बेकरीवालीला लिहितासुद्धा येत नाही. तेवढ्या चुका काढून द्या."

मी लाल शाईचे पेन घेतले. पत्र तू लवकरच वाचशील, म्हणून सर्व सांगत नाही. त्यातील एक वाक्य असे होते: 'पप्पांना १९९१ साली पोटात व्रण झाला, डॉक्टरांनी बंद केली, त्यानंतर त्यांनी वाइनला ओठ लावला नाही, तोडणीच्या दिवसातही नाही, माझ्या भावाच्या लग्नातही नाही, आणि तू त्यांना दारुड्या करून जगभर विकलास.' मी दोन स्वल्पविरामांच्या जागी पूर्णविराम घातले. 'दिवसातही'वर अनुस्वार दिला.

ती पाहत बसली होती. मग पिशवीतून तुझी बाटली काढून तिने टेबलावर ठेवली.

"हे पप्पांनी पाहिलं होतं, माहितीय? अलेस्सांद्रियाला. ते तिथे फळांच्या गोदामात पेट्या उचलायचे. एका मोठ्या खानावळीच्या काचेत ही बाटली लागली होती, चीजच्या शेजारी, मेणबत्ती वगैरे लावून. मला हाताला धरून दाखवायला घेऊन गेले. म्हणाले, 'इर्मे, माझं नाक खरंच एवढं मोठं आहे का गं?' आणि हसले. मग घरापर्यंत मफलरनं नाक झाकून चालले."

मी पेन चालू ठेवले.

"यातलं मला एक कळत नाही," ती म्हणाली. बाटली फिरवून मागचे लेबल तिने माझ्यापुढे धरले. "इथं लिहिलंय, 'दर पाचशे लिटरला छत्तीस लिटर बार्बेराचा रस, एलिजोच्या हाताचं माप.' छत्तीस. पस्तीस नाही, चाळीस नाही. झिंगलेला माणूस इतकं मोजून ओततो का हो?"

"तुल्लियोने पिंपातली पोकळी मोजली असेल," मी म्हणालो. "ती दोन वीत होती."

"तुम्हाला बरं आठवतंय."

ती उठली. पाणी प्यायला म्हणून मोरीकडे गेली आणि जिन्याशी थांबली. तळघराचे दार उघडेच असते.

"हाच का तो डबा? पप्पा सांगायचे, याला घरात फक्त आतोबा हात लावतात म्हणून. किती लिटरचा?"

"बारा."

बोटे दुमडून तिने हिशेब केला नाही. रोज पिठाची मापे टाकणाऱ्या बाईला त्याची गरज नसते. परत येऊन तिने हात पुढे केला.

"काढल्या चुका?"

"अकरा," मी म्हणालो आणि कागद तिच्या हाती दिला.

तिने लाल खुणा वरपासून खालपर्यंत पाहिल्या. मग माझ्याकडे पाहिले.

"एवढ्याच?"

ती गेल्यानंतर बाटली टेबलावर राहिली. मी ती आडवी ठेवली, जशी वाइनची ठेवतो. मग बियर उभी ठेवतात हे आठवून उभी केली. उघडली नाही.

आज सकाळी पाव आणण्यास गेलो नाही.

अमेदेओ रोज्जेरो


मोंताल्फेओ, सोमवार, २ ऑक्टोबर २०२३

तुल्लियो,

तुझ्या प्रश्नाचे उत्तर.

शनिवार, १७ ऑक्टोबर १९९८ रोजी दुपारी चारच्या सुमारास मी डबा घेऊन तळघरात उतरलो. नव्या बार्बेराची सात पिंपे त्या आठवड्यात भरली होती. मी पहिल्यापासून सुरुवात केली. रांगेच्या शेवटी आठवे होते. त्यात पहिला डबा सवयीने गेला. तेहतीस वर्षे हात जे करत आला होता तेच त्याने केले: ठोकले, पोकळ वाजले, बूच काढले, चोच आत घातली. डबा रिकामा होता होता आतून वास वर आला. बियरमध्ये घालतात त्या हॉप्सच्या फुलांचा, कडवट, ओल्या गवतासारखा. ते पिंप कशाचे आहे हे मला त्या क्षणी कळले.

दुसरा डबा मी कळून ओतला. तिसराही.

यास कारण विचारशील. तू नोव्हेंबरच्या तुरीनच्या खाद्यमेळ्यात ते पिंप नेणार होतास, मोठमोठे खानावळवाले ते चाखणार होते, वर्षभराची तुझी सगळी मेहनत त्या एका लाकडात होती, हे मला ठाऊक होते. भिंतीपलीकडून तू आईला सांगत असताना मी ऐकले होते. या घराने मला दिलेले एकच काम. त्या कामाच्या रांगेत, माझ्या सासऱ्यांच्या पिंपात, तू तुझे पेय आणून ठेवलेस आणि मला सांगितलेही नाहीस. सांगण्यासाठी तुला आईची गरज पडली असती. मी पिंप तोंडोतोंड भरले, बूच ठोकले, डबा धुतला आणि चोच भिंतीकडे करून टांगला. वर येऊन हात पुसले. तुझ्या आईने कॉफी दिली.

मंगळवारी सकाळी तुझी आरोळी ऐकून आम्ही सर्व धावलो. बूच उडून छताला लागले होते. पिंपाच्या तोंडातून जांभळा फेस जमिनीवर उतरत होता.

"कोणी हात लावला? कोण आलं होतं इथं?"

एलिजो सालींच्या टाकीजवळ उभा होता. आठवडाभर तळघरात तोच काम करत होता. त्याचे हात कोपरापर्यंत जांभळे होते.

"मामा, तू! तूच असतोस इथं! डोळे फुटले होते का? प्यायला होतास ना?"

एलिजोची नजर खिळ्यावर गेली. डब्याची चोच भिंतीकडे होती. मग त्याने माझ्याकडे पाहिले. मी चष्मा पुसत होतो. मग त्याने वर पाहिले. जिन्यावर तुझी आई होती, एक हात कठड्यावर, दुसरा छातीवर. तिच्या हृदयाचे दुखणे तेव्हा नुकतेच कळले होते. बापलेकांत आणखी एक भांडण म्हणजे मुलगा घराबाहेर, हे ती रोज म्हणत असे.

"हो," एलिजो म्हणाला. "माझाच हात."

नंतर अंगणात त्याने मला गाठले. खरे सांगतो, तो रागावलेलाही नव्हता. "दाजी, पोराचा राग उतरला की सांगून टाका. आठवडाभर मी चोर. चालतंय मला. माझं आणि त्याचं काय, तो लहानपणापासून माझ्या खांद्यावर वाढलाय."

आठवडा झाला. तू त्याच्या ताटासमोर बसत नव्हतास. दोन आठवडे झाले. तुरीनचा मेळा तुझ्यावाचून झाला आणि तू सगळ्यांदेखत त्याला म्हणालास, "या घरात तू तरी राहशील, नाहीतर मी." सान मार्तिनोचा दिवस आला. त्या दिवशी आपल्याकडे वर्षाचे करार संपतात, कुळे सामान गाड्यांवर चढवून दुसऱ्या मळ्यावर जातात. एलिजो कोणाचे कूळ नव्हता. तो या घरात जन्मला होता. तरी त्यानेही त्याच दिवशी सायकलला ट्रंक बांधली, जणू त्याचाही करार संपला होता. फाटकाशी मी उभा होतो.

"दाजी," तो म्हणाला, "आठवडा फार लांबला हो."

मी त्याला काय म्हणालो ते लिहितो, कारण आता लपवण्यासारखे तेवढेच उरले आहे. मी म्हणालो, "सांभाळून जा, उतारावर खडी आहे."

पिंप तू ओतून देणार होतास. तुझ्या आईने ओतू दिले नाही. बाटल्यांत भरलेस, विसरलास. अडीच वर्षांनी आकी गावच्या खानावळवालीने एक उघडली, मेंढीच्या चीजबरोबर गिऱ्हाइकांना दिली, आणि मग जे झाले ते तुझ्या पुस्तिकेच्या दहाव्या पानापासून पुढे बरोबर लिहिलेले आहे. ज्यांनी माझा लेख वाचून मान डोलावली होती, त्यांच्याच पांढऱ्या टेबलक्लॉथवर आज तुझी बाटली उभी असते. दरीदरीत भट्ट्या झाल्या, आणि वाइनवाल्यांची मुले बियरमध्ये द्राक्षरस घालतात. त्या सर्वांचे मूळ म्हणून तू 'मामाची चूक' दाखवतोस. ती मामाची नव्हती, आणि ती चूकही नव्हती.

तुझ्या आईने मला कधी काही विचारले नाही. पिंपातून फेस आला त्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी मी जिन्याशी गेलो तेव्हा खिळा रिकामा होता. खाली तळघरात ती तो बारा लिटरचा डबा दोन्ही हातांनी उचलून पिंपे भरत होती. मी म्हणालो, "दे इकडे, तुला दम लागतो." ती म्हणाली, "आता हे काम माझं." शेवटपर्यंत दर शनिवारी तिने ते केले. मी वरच्या पायरीवर उभा राहून तिचा श्वास ऐकत असे.

काल मी इर्माची बाटली उघडली. चांगली आहे. हे लिहिताना मला आनंद होत नाही.

अमेदेओ रोज्जेरो


मोंताल्फेओ, बुधवार, ११ ऑक्टोबर २०२३

तुल्लियो,

परवा तू स्वतः आलास, म्हणून या पत्राची गरज नव्हती असे तुला वाटेल. आपण दोघेही रागात बोललो. रागात बोललेले कोणी छापत नाही. तुझे शब्द मी आठवतील तसे उतरवतो. चुकले असतील तर दुरुस्त कर.

तू टोपी न काढता स्वयंपाकघरात उभा राहिलास आणि म्हणालास, "मला माहीत होतं."

"काय?"

"सगळं. आईनं सांगितलं होतं. दवाखान्यात, जायच्या आदल्या आठवड्यात. म्हणाली, तुझे बाबा स्वतः सांगतील, तू विचारू नकोस."

"मग?"

"मग काय? वाट बघितली! तुम्ही पाद्र्याच्या प्रवचनातल्या चुका काढता, थडग्यांवरच्या चुका काढता. म्हटलं, ही एक कधीतरी काढाल. नाही काढलीत. म्हणून लेबल केलं. तुमच्यासाठी केलं ते, बाबा! दारुडा बघून तरी बोलाल म्हटलं. दरवर्षी चित्रकाराला सांगायचो, नाक थोडं अजून लाल कर. दरवर्षी पहिली पेटी तुमच्या दारात ठेवायचो."

"मी ती पाद्र्याला देत असे."

"ठाऊक आहे. तो येऊन आभार मानायचा."

आपण दोघेही हसलो. ते हसणे मला आवडले नाही आणि तुलाही आवडले नसावे.

मग मी विचारले, "आणि एलिजो? तुला सगळे ठाऊक असताना तो अलेस्सांद्रियाला पेट्या उचलत होता. त्याला आणायला का गेला नाहीस?"

तू टोपी काढलीस. "जाणार होतो," तू म्हणालास. "आधी तुम्ही बोलावं असं होतं. मग बियर चालायला लागली. मग ती गोष्टच चालायला लागली. मग मामा गेला."

म्हणजे तुझाही आठवडा लांबला.

तू म्हणालास, भिंत पांढरी करून टाकतो, पान नऊ काढून टाकतो, विषय संपला. नाही. कोरे पान हा दुरुस्तीचा प्रकार नव्हे. पान नऊवर खालील मजकूर जसाच्या तसा छापायचा, खाली आपल्या दोघांची नावे. भिंतीचे काय करायचे ते इर्मा ठरवील. तिला ही यादी मी स्वतः नेऊन देणार आहे. टपालाने पाठवून मोकळा होणार नाही.

तुझा पिता,
अमेदेओ रोज्जेरो

पान नऊकरिता, दुरुस्त तारखा:

फेब्रुवारी १९९८. साप्ताहिकातील लेख. पुस्तिकेत 'गावातील एका वाइनवाल्याने' असे आहे. लेख तुल्लियोच्या वडिलांनी लिहिला.

शनिवार, १७ ऑक्टोबर १९९८. पाचशे लिटरच्या पिंपात बारा लिटरचे तीन डबे बार्बेरा ओतला गेला. ओतणारा अमेदेओ रोज्जेरो. पहिला डबा नकळत, उरलेले दोन जाणूनबुजून. एलिजो त्या वेळी मळ्यात होता.

मंगळवार, २० ऑक्टोबर १९९८. एलिजोने दोष स्वतःवर घेतला. एका आठवड्यासाठी.

बुधवार, ११ नोव्हेंबर १९९८. एलिजोने घर सोडले. पुस्तिकेत 'वसंतात, स्वखुशीने' असे आहे. दोन्ही चूक.

शनिवार, २४ ऑक्टोबर १९९८. ही तारीख वरच्या तारखेच्या आधी यावयास हवी होती; क्रम चुकला, माझ्या हातून. या दिवसापासून पिंपे तुल्लियोच्या आईने, डेल्फिनाने भरली.

मार्च २००१. तुल्लियोला सत्य कळले. डेल्फिनाचा मृत्यू गुरुवार, २९ मार्च.

मे २००२. दारुड्याचे चित्र असलेले पहिले लेबल. या आणि वरच्या तारखेमधील चौदा महिन्यांचा जबाब तुल्लियोने स्वतंत्रपणे लिहावा.

सोमवार, २ फेब्रुवारी २००४. एलिजोचा मृत्यू, अलेस्सांद्रिया येथे. पुस्तिकेत २००६ आहे. अंत्यविधीस या घरातून कोणीही गेले नाही.

गुरुवार, १२ ऑक्टोबर २०२३, सकाळी आठ. इर्माच्या बेकरीत, पावासाठी रांग लागलेली असताना, अमेदेओ रोज्जेरो यांनी वरील यादी मोठ्याने वाचली. ही तारीख अद्याप यायची आहे. ती खोटी ठरली, तर दुरुस्ती तू कर.